युरोपात बटाटा मागताना

लिस्बनला रोसिओ चौकामागच्या एका खानावळीत आमच्या ग्रुपमधल्या कराडच्या काकूंनी मेन्यूकार्ड दोनदा उलटंपालटं केलं, चष्मा काढून ठेवला आणि वेटरकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बटाटा!"

मी मध्ये पडायला उठलेच होते. पण वेटरने मान डोलावली. "सीं, बताता. फ्रीता? कुझीदा?" तळलेला की उकडलेला, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"बघा ताई, ह्यांना मराठी येतं," काकू म्हणाल्या.

"त्यांना मराठी नाही हो काकू, आपल्याला पोर्तुगीज येतं."

पुढचे तीन दिवस काकूंनी तो शब्द नाण्यासारखा खर्च केला. चौथ्या दिवशी आम्ही स्पेनमध्ये मालागाला पोचलो. तिथल्या आतारासानास मंडईत एका गाळ्यावर पाटी होती, ‘बताता’. मी ती वाचून दाखवताच काकू पुढे सरसावल्या आणि तितक्याच झटकन मागे फिरल्या. "अहो, ही तर रताळी!"

मी डोंबिवलीची. सोळा वर्षं मराठी ग्रुप घेऊन युरोपात फिरते. आमच्या धंद्यात शाकाहारी माणसाचा आणि उपासवाल्यांचा शेवटचा आधार म्हणजे बटाटा. त्यामुळे हा एक शब्द मला डझनभर भाषांत पाठ करावा लागला. पहिल्या दोन-तीन टूरवर मी नुसता शब्दच पाठ केला होता आणि दर टूरवर तोंडघशी पडले. शब्दाच्या मागेपुढे काय चिकटतं, तो एकटा असताना कसा दिसतो, पाच असताना कसा, ‘नको’ म्हणताना कसा, हे माहीत नसेल तर शब्द हातात असूनही ताटात भलतंच येतं. तुम्ही स्वतः फिरायला निघाला असाल किंवा या धंद्यात नवीन असाल, तर माझी वही वापरा. बटाट्याच्या जागी दूध, अंडं, लसूण काहीही घाला, रीत तीच.

वहीचं पान

एका भाषेला एक पान. पानावर पाच गोष्टी. शब्द, तोही उपपदासकट (इंग्रजीत नामाआधी ‘द’ किंवा ‘अ’ येतं तसं). अनेकवचन. ‘शिवाय’ जोडल्यावर होणारं रूप. उकडलेला आणि तळलेला यांचे शब्द. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: तो कशात शिजवतात. ही शेवटची ओळ मी दुसऱ्या टूरनंतर घातली. का, ते बेल्जियमवर आले की सांगते.

शब्द शब्दकोशातून उतरवून घेऊ नका. देशात उतरल्यावर पहिल्या सुपरमार्केटमध्ये जा आणि पोत्यावरचं नाव बघा, मग मेन्यूवरचं बघा. दोन्ही वेगळी असली तर दोन्ही लिहा. बुडापेस्टमध्ये तसंच असतं. मेन्यूवर ‘बुर्गोन्या’, आणि माणसं बोलताना ‘क्रुम्प्ली’. बुर्गोन्या हे नाव फ्रान्सच्या बरगंडी प्रांतावरून आलं. क्रुम्प्ली आलं जर्मन बोलीतल्या ‘ग्रुंडबिर्न’वरून, म्हणजे जमिनीतलं पेअर. क्रोएशियात तोच शब्द ‘क्रुम्पिर’ होतो. एकाच भाजीचा एक शब्द बाहेर घालायचा, एक घरात घालायचा.

नाव सारखं, वस्तू वेगळी

काकूंची मालागाची फसगत समजायला थोडं मागे जावं लागतं. ‘बताता’ हा मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि त्याचा अर्थ रताळं. कोलंबसानंतर स्पॅनिश लोकांनी रताळं आणि त्याचं नाव दोन्ही युरोपात आणलं. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो तिथला नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, आणि तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव ‘पापा’. तो काही दशकांनी मागून आला. 1567 साली कॅनरी बेटांवरच्या लास पाल्माहून अँटवर्पला बटाट्याची पिंपं पाठवल्याची कागदोपत्री नोंद आहे. (पिंप हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडूनच घेतला.) दोन्ही जमिनीखालचे, दोन्ही नवीन, दोन्ही समुद्रापलीकडून आलेले. नावांची खिचडी झाली. ‘बताता’ आणि ‘पापा’ एकमेकांत मिसळून स्पेनमध्ये ‘पताता’ तयार झालं.

आज हिशेब असा आहे. स्पेनमध्ये पताता म्हणजे बटाटा आणि बताता म्हणजे रताळं. रताळ्याला ‘बोनियातो’ही म्हणतात. शेजारच्या पोर्तुगालात बताता म्हणजे बटाटा आणि रताळ्याला ‘बताता दोस’, गोड बटाटा. एका अक्षराचा फरक, आणि सीमा ओलांडली की अर्थ उलटा. कॅनरी बेटांवर आणि आन्दालुसियात बोलताना अजून जुनं ‘पापा’च ऐकू येतं. आपला शब्द पोर्तुगिजांच्या गलबतातून आला म्हणून आपल्याकडे बटाटा म्हणजे बटाटा. स्पॅनिशांच्या गलबतातून आला असता तर एकादशीला आपण रताळ्याला बटाटा म्हटलं असतं आणि बटाटेवड्याला काय म्हटलं असतं, देव जाणे. ‘बटाटावडा-पाव’ या तीन शब्दांतले दोन पोर्तुगीज आहेत; आपला फक्त मधला वडा.

डच लोकांनी तर हद्द केली आहे. बटाट्याला त्यांचा सरळ शब्द ‘आर्डाप्पल’, म्हणजे भूसफरचंद. पण ‘पतात’ही आहेच. आम्स्टरडॅमला पतात मागितलात तर कागदाच्या कोनात तळलेले लांब काप येतात. बेल्जियममधल्या फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या भागातल्या आजीच्या तोंडी पतात म्हणजे अख्खा, सालासकटचा बटाटा. भाषा एकच, देश दोन. लंडनमध्ये उतरणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नसते असं मला वाटायचं, पण तिथेही ‘चिप्स’ मागून वेफर्सची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे चिप्स म्हणजे जाड फ्रेंच फ्राइज. वेफर्सना ‘क्रिस्प्स’. आणि वेफर्स म्हणालात तर बिस्किटं येतील.

म्हणून पहिला नियम: ओळखीचा वाटणारा शब्द दिसला की खुश होऊ नका, वस्तूकडे बोट दाखवून खात्री करा. अनोळखी शब्दाला आपण आपोआप विचारतो. ओळखीच्याला विचारत नाही, आणि फसतो तिथेच.

फ्रान्समधलं सफरचंद

मुलुंडचं एक जैन कुटुंब माझ्याबरोबर दोनदा आलं होतं. त्यांचा प्रश्न बरोब्बर उलटा. बटाटा नको, कुठल्याही रूपात नको. अल्सासमधल्या एका गावात मी कार्डावर ‘पोम ओ फूर’ वाचलं. पोम म्हणजे सफरचंद, फूर म्हणजे भट्टी. भाजलेलं सफरचंद, वर दालचिनी असेल, मी मनातल्या मनात ताटही रंगवलं. आले चांदीच्या कागदात गुंडाळलेले चार टपोरे बटाटे.

फ्रेंचमध्ये बटाटा म्हणजे ‘पोम द तेर’, मातीचं सफरचंद. पण स्वयंपाकघरात ‘द तेर’ गळून पडतं आणि नुसतं ‘पोम’ उरतं. पोम व्हापर वाफवलेले बटाटे, पोम सोते परतलेले बटाटे, पण तार्त ओ पोम सफरचंदाची. ओळखायचं कसं? कार्डावर पदार्थ कुठे छापलाय ते बघा. गोड पदार्थांत असेल तर सफरचंद, मांसाच्या किंवा माशाच्या शेजारी असेल तर बहुतेक बटाटा. तरीही शंका असेल तर ‘पोम द तेर?’ असं पूर्ण विचारा. जैन मंडळींसाठी ‘साँ पोम द तेर’, बटाट्याशिवाय, हे तीन वेळा म्हणा आणि चौथ्यांदा लिहून द्या.

फ्रेंच लोक बोलीभाषेत ‘पतात’सुद्धा म्हणतात, स्त्रीलिंगी, ‘ला पतात’. कुणी तुम्हाला सांगितलं की ‘माझ्याकडे पतात आहे’, तर तो आज मजेत आहे, अंगात जोम आहे, असा अर्थ. कागदावर हाच शब्द ज्या स्पेलिंगने लिहितात, त्याच स्पेलिंगने इटलीत ‘पाताते’ लिहितात, पण तिथे ते अनेकवचन. फ्रान्समध्ये एक, आल्प्स ओलांडले की अनेक. इटलीबद्दल बायकांना एक खासगी सल्ला: तिथे एकवचनी ‘पाताता’ म्हणणं टाळा. लाडाने लहान मुलीलाही पाताता म्हणतात, पण त्या शब्दाला एक चावट अर्थही आहे. ‘ले पाताते’ म्हणा, अनेकवचनात, आणि निर्धास्त राहा. ‘पातातीने’ म्हणजे तळलेले काप किंवा वेफर्स, मुलांना तेच हवं असतं.

बाई की बुवा

मराठी माणसाला लिंगांची भीती नसावी. आपल्याकडे तीन आहेत. घोळ उपपदामुळे होतो, कारण ते आपल्या भाषेत नाही आणि म्हणून आपण गाळतो. गाळू नका. युरोपात बहुतेक ठिकाणी शब्दाचं लिंग उपपदातच दिसतं, आणि कधीकधी अर्थही.

स्पॅनिश बघा. ‘ला पापा’, स्त्रीलिंगी, म्हणजे बटाटा. ‘एल पापा’, पुल्लिंगी, म्हणजे रोमचे पोप. आघात शेवटच्या अक्षरावर गेला, ‘पापा’ऽ, की बाप. कॅनरी बेटांवर तेनेरीफेला ‘पापास अरुगादास’ मिळतात: छोटे बटाटे सालासकट भरपूर खारट पाण्यात उकडायचे, पाणी आटवायचं, साल सुरकुतते आणि मिठाचा पांढरा थर बसतो. तिथे एकाने घाईत ‘एल पापा’ मागितला होता. वेटर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, तो रोममध्ये असतो.

पोर्तुगीजमध्ये बताता बाई आहे. ‘अ बताता’, अनेकवचन ‘अश बतातश’. लिस्बनकडे शेवटचा ‘स’ ‘श’ होतो, कान तयार ठेवा. त्यांच्याकडे शेवटी ‘आ’ आला की बहुधा स्त्रीलिंग. आपल्याकडे शेवटी ‘आ’ म्हणजे घोडा, आंबा, डबा. त्यामुळे अरबी समुद्र ओलांडून किनाऱ्यावर उतरता उतरता बाईचा बुवा झाला: तो बटाटा, ते बटाटे. चावी मात्र तिकडेही स्त्रीलिंगी होती आणि इकडेही राहिली, कारण शेवटी ‘ई’ आली. लिंग वस्तूला नसतंच, शेवटच्या स्वराला असतं, असं मला कधीकधी वाटतं. व्याकरणवाले रागावतील.

जर्मनीत ‘डी कार्टोफेल’, स्त्रीलिंगी. हा शब्द आला इटालियन ‘तार्तुफोलो’वरून, जमिनीखाली मिळणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीवरून, कारण दोन्ही मातीतून उकरून काढायचे. तोच शब्द जर्मनीतून रशियात गेला आणि तिथे ‘कार्तोफेल’ पुल्लिंगी झाला. ऑस्ट्रियात मात्र कार्टोफेल म्हणालात तर ते ओळखतात की तुम्ही जर्मनीत शिकलात. तिथे ‘डेर एर्डापफेल’, पुल्लिंगी, पुन्हा भूसफरचंदच. अनेकवचन ‘एर्डेपफेल’, मधला ‘आ’चा ‘ए’ होतो.

चेक लोकांनी भांडण सोडवलंच नाही. ‘ब्राम्बोर’ म्हणा, पुल्लिंगी, किंवा ‘ब्राम्बोरा’, स्त्रीलिंगी. दोन्ही चालतं, अनेकवचन दोघांचं ‘ब्राम्बोरी’. शब्दाच्या पोटात जर्मनीतला ब्रांडेनबुर्ग प्रांत लपलाय, कारण बटाटा तिकडून आला असं त्यांना वाटलं. प्रत्येक देशाला तो शेजाऱ्याकडूनच आला. ब्रांडेनबुर्गवरून आठवलं: पोट्सडामला साँसुसी राजवाड्याच्या बागेत प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याची कबर आहे. त्याने 1756 मध्ये शेतकऱ्यांनी बटाटा लावावा असा हुकूम काढला होता. लोक आजही कबरीवर फुलांऐवजी बटाटे ठेवतात. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटलं की कुणाचा तरी डबा सांडला. राजाने शेताभोवती मुद्दाम पहारा बसवला, म्हणजे लोकांना वाटलं काहीतरी मौल्यवान आहे आणि त्यांनी चोरून नेऊन लावला, अशी गोष्ट तिथले गाइड सांगतात. हीच गोष्ट फ्रान्समध्ये बटाट्याचा प्रचार करणाऱ्या पार्मांतिएबद्दल सांगतात आणि ग्रीसमध्ये तिथले पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांच्याबद्दल. मी तिन्ही ठिकाणी पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करते.

एक, दोन, पाच

आता मोजणी. इथे मराठी माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, आणि इथेच त्याच्याकडे एक हत्यार आहे, ते मात्र तो विसरतो.

प्रागमध्ये दोन बटाटे म्हणजे ‘द्वा ब्राम्बोरी’. तीन, चार, तसंच. पण पाच म्हटलं की ‘प्येत ब्राम्बोर’. शेवटची ई गळाली. पोलंडमध्येही तोच खेळ: दोन ‘झेमन्याकी’, पाच ‘झेमन्याकुफ’. पाचपासून पुढे ते ‘पाच बटाटे’ म्हणत नाहीत, ‘बटाट्यांचे पाच’ म्हणतात, असं समजा. आणि ‘शिवाय’ म्हणतानाही हेच रूप: ‘बेझ ब्राम्बोर’, ‘बेझ झेमन्याकुफ’. जैन कुटुंबासाठी हे पाठ केलं आणि पाच बटाट्यांचं रूप फुकटात मिळालं.

हत्यार म्हणजे आपलं सामान्यरूप. आपण ‘बटाटाशिवाय’ म्हणत नाही, ‘बटाट्याशिवाय’ म्हणतो. ‘बटाटेची भाजी’ नाही, ‘बटाट्याची भाजी’. शब्दाच्या मागे काही चिकटलं की तो आधी वाकतो, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. नवीन भाषेत शब्द बदललेला दिसला की घाबरू नका, ‘हा वाकलाय, मागेपुढे काय आहे?’ एवढं विचारा. माझ्याबरोबरच्या इंग्रजी माध्यमातल्या तरुण मुलांपेक्षा काकूंना हे लवकर समजतं, हा माझा अनुभव.

हंगेरीत याच्या उलट आराम. लिंग नाही, आणि आकडा लावला की शब्द एकवचनातच: पाच क्रुम्प्ली. फिनलंडमध्येही लिंग नाही, पण विभक्त्या खंडीभर. ‘पेरुना’ एक, आणि दोन म्हणताना ‘काक्सी पेरुनाआ’. हेलसिंकीच्या बंदरावरच्या बाजारात उन्हाळ्यात कोवळे बटाटे लिटरच्या मापाने विकतात, तिथे रूप पुन्हा बदलतं: ‘लित्रा पेरुनोइता’. बटाटा लिटरमध्ये! सांगलीचे एक दुकानदार काका त्या मापाकडे इतका वेळ बघत राहिले की बोट सुटायची वेळ आली.

स्वीडनमध्ये ‘पुतातिस’. शेवटचा ‘स’ हा इंग्रजी अनेकवचनाचा, ‘पोटॅटोज’मधला. त्यांनी तो एकवचनातच गिळला आणि मग वर स्वतःचं अनेकवचन लावलं: ‘पुतातिसार’. पण ताटातल्या उकडलेल्या बटाट्यांना नुसतं ‘कोक्त पुतातिस’, तांदळासारखं एकवचनात. रशियनमध्येही असंच, कार्तोफेल हा धान्यासारखा, त्याला अनेकवचन नाही. एकच बटाटा दाखवायचा तर ‘कार्तोफेलिना’ असा वेगळा शब्द. वेल्समध्ये तर मूळ शब्दच ढिगाचा, ‘तातुस’, आणि त्यातून एक बाजूला काढला की ‘तातेन’. आपल्याकडे मुरमुऱ्यांचं जे होतं ते तिथे बटाट्याचं.

जर्मनीतल्या फ्राइजच्या गाडीवर बटाटे मोजायचे नसतात, वेळा मोजायच्या. तळलेल्या कापांना ते ‘पोमेस’ म्हणतात. फ्रेंच ‘पोम’ घेतला, आणि जी अक्षरं फ्रेंच माणूस उच्चारत नाही ती जर्मनांनी इमानदारीत उच्चारली. ‘आइनमाल पोमेस, बिटे’, म्हणजे एक वेळ पोमेस. दोन हवे असतील तर ‘त्स्वायमाल’, दोन वेळा. ‘रोट-वाइस’ म्हणालात की लाल-पांढरं, केचप आणि मेयोनीज. मेयोनीजमध्ये अंडं असतं, हे पुढच्याला सांगायला विसरू नका.

शेवटची ओळ: चरबी

ब्रुझमधली गोष्ट, माझी दुसरी टूर. बावीस माणसं, भूक लागलेली, समोर तळणीचा वास. मी गाडीवाल्याला विचारलं, "यात मांस नाही ना?" तो म्हणाला, "नाही." खरंच बोलला बिचारा. सगळ्यांनी खाल्लं, तोंडभर कौतुक झालं, आणि मग मला मागच्या भिंतीवरची पाटी दिसली. बेल्जियमची जुनी रीत म्हणजे बटाटा गाईबैलाच्या चरबीत दोनदा तळायचा. त्यांच्या लेखी ते मांस नाही, चरबी आहे. माझा प्रश्नच चुकला होता. मी लपवलं नाही, बसमध्ये माइकवर सांगितलं. एका काकांनी पुढचे तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

तेव्हापासून प्रश्न ‘कशात तळलंय?’ असा विचारते. फ्लेमिश भागात ‘रुंडव्हेट’ किंवा ‘ऑसेविट’ ऐकू आलं, ब्रुसेल्सकडे ‘ब्लाँ द बफ’ किंवा ‘ग्रेस द बफ’ दिसलं, की सरळ पुढे चालू लागायचं. ‘प्लांटआर्दिख’ किंवा ‘व्हेजेताल’ म्हणजे वनस्पती तेल. अशा गाड्याही आहेत, शोधाव्या लागतात.

बाकीच्या पानांवरच्या शेवटच्या ओळी पटापट सांगते. जर्मनीत ‘ब्राटकार्टोफेल्न’ दिसले की ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे आहेत का विचारा, बहुधा असतात. व्हिएन्नाचं बटाट्याचं सॅलड निरागस दिसतं, पण परंपरेने त्यात गोमांसाचं पाणी घालतात. स्पेनची ‘तोर्तिया’ म्हणजे अंडं. पोर्तुगालचं ‘काल्दु व्हेर्द’ बटाट्याचं हिरवंगार सूप, आणि तळाशी सॉसेजची चकती. हंगेरीत ‘पाप्रिकाश क्रुम्प्ली’ आणि ‘राकोत क्रुम्प्ली’ दोन्हींत सॉसेज. स्वीडनमध्ये ‘यान्सन्स फ्रेस्तेल्से’ नावाचं बटाट्याचं भाजलेलं थर असतं. त्यात बारीक मासे. चेक ‘ब्राम्बोराक’मध्ये अंडं, पण मरव्याचा वास इतका सुंदर की अंडं खाणाऱ्यांनी सोडू नये.

निर्धोक काय? जर्मनीत ‘पेलकार्टोफेल्न’, सालासकट उकडलेले. संकष्टीला मी हेच मागवते, वर मीठ, बरोबर दही. पोलंडमध्ये पोझनानला बटाट्याला ‘पिरा’ म्हणतात आणि ‘पिरा झ ग्झिकेम’ म्हणजे उकडलेला बटाटा आणि पातीचं ताजं चीज. त्यात कांद्याची पात असते, उपासाला चालत नाही, एरवी उत्तम. पोर्तुगालात ‘बतातश अ मुरु’: भाजलेल्या बटाट्याला बुक्की मारून चपटा करायचा आणि वर ऑलिव्हचं तेल आणि लसूण. मुरु म्हणजे बुक्की. आपण कांदा फोडतो तसा. फक्त ते शेजारी मासा ठेवायची फार सवय असलेले लोक आहेत, तेव्हा आधी बोलून घ्या.

ग्रुप फोटोसाठी माझ्याकडे एकच शब्द आहे. स्पेनमध्ये फोटो काढताना ‘पताता!’ म्हणतात, तोंड आपोआप हसरं होतं. आता मी सगळ्या देशांत तेच ओरडायला लावते, पण आमच्याकडून ‘बटाटा’च येतं.

येत्या जूनमध्ये आइसलँडची टूर आहे. पान करून ठेवलंय. ‘कार्ताप्ला’, स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘कार्तोप्लुर’. लिहिताना मध्ये ‘फ’ आणि बोलताना ‘प’. शेवटची ओळ अजून कोरी आहे, ती रेक्याविकला उतरल्यावर भरेन. कराडच्या काकूंनी नाव नोंदवलंय.